नाणे वाजवून घ्यावे

रुपया चांदीचा होता त्या काळी तो वाजवून घेण्याची आपल्याकडे रीत होती. दुकानदार तो दगडी पायरीवर आपटी. आवाज खणखणीत निघाला तर गल्ल्यात टाकी, बद्द निघाला तर मुकाट्याने परत करी. सराफाचा पारखी याहून पुढे जाई. तो नाणे तोली, कसोटीवर घाशी, प्रसंगी ठोसा मारून आतला धातू पाही. जुन्या रुपयांवर अशा ठोशांच्या खुणा आजही दिसतात. कान, हात आणि डोळा या तिघांची साक्ष निघाल्यावाचून नाणे खरे ठरत नसे.

आज दुर्मिळ नाण्यांचे लिलाव ऑनलाइन होतात. तेथे ग्राहकापुढे नाणे नसते, त्याचे छायाचित्र असते. छायाचित्र वाजत नाही आणि त्याला वजनही नसते. तीन साक्षीदारांपैकी दोघे गैरहजर! आमचे म्हणणे असे की, त्यांची जागा येथे इतिहासाने घेतली पाहिजे.

एक सोपे उदाहरण घेऊ. एका बाजूस रामदरबार किंवा मारुती आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’ अशी अक्षरे असलेली आण्याची नाणी मोठ्या किमती सांगून विकावयास मांडलेली असतात. 1818 म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. मराठी माणसाचे मन तेथे चटकन गुंतते. परंतु त्या साली कंपनीचे सबंध हिंदुस्थानासाठी एक चलन नव्हतेच. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, आणि मुंबईच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत होते. एकसारखे चलन सुरू झाले ते 1835 साली. देवाची आकृती हा काही खोटेपणाचा पुरावा नव्हे. मद्रासेकडील कंपनीच्या होनांवर विष्णूची मूर्ती आहेच. खोटे आहे ते साल, भाषा आणि नाणे यांचे एकत्र येणे. रामटंके देवघरात पूजेला ठेवावेत. त्यांना कंपनीचे चलन म्हणून लाखांचा भाव सांगणे ही फसवणूक होय.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. शिवछत्रपतींनी 1674 साली राज्याभिषेकप्रसंगी सोन्याचा होन पाडला. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत; वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. तो अत्यंत विरळा, म्हणूनच त्याच्या नकला फार. येथे साल आणि मजकूर दोन्ही बरोबर असतात. फसवते ती घडण. खरे नाणे ठशाच्या घावाने पाडलेले असते, म्हणून त्याची अक्षरे धारदार उठतात. नक्कल पुष्कळदा साच्यात ओतलेली असते. तिची अक्षरे बोथट, पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा आणि कडेला सांध्याची रेषा. दोन निरनिराळ्या ‘होनां’वर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाल्याचा दाट संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांची. त्यांचा ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळे मजकूर कडेला तुटलेला असावयाचा. संपूर्ण मजकूर मधोमध बसलेला देखणा रुपया दिसला की नवशिका हरखतो; जाणत्याने तेथे थबकावे.

म्हणून बोली लावण्यापूर्वी विकणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत. वजन किती? दोन्ही बाजूंची आणि कडेची स्वच्छ चित्रे आहेत काय? नाणे कोठून, कोणाच्या संग्रहातून आले? खोटे ठरल्यास पैसे परत मिळतील काय? उत्तरे टाळली गेली तर हात आवरावा. विक्रीच्या आमिषाने आगाऊ दलाली मागणारेही निघाले आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून हा उद्योग चालल्याने तिला 2021 साली जाहीर इशारा द्यावा लागला. असल्या व्यवहारांत आपण नसतो आणि दलालीही घेत नाही, असे तिने स्पष्ट केले.

पैसा बुडतो हे वाईटच. पण आम्हांला अधिक चिंता निराळी वाटते. 1906 साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीस तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात नहपानाची. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नहपानाची सत्ता मोडून सातवाहन विजयी झाले, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा. हा ढीग एके ठिकाणी, एकत्र सापडला म्हणून तो बोलला. उद्या अशा नाण्यांत नकला मिसळल्या, किंवा खरी नाणी ठावठिकाणा पुसून एकेक करून विकली गेली, तर इतिहासाचा साक्षीदारच फितूर झाला असे म्हणावे लागेल.

खोटा रुपया एकाच गल्ल्याचे नुकसान करतो. खोटे जुने नाणे पुढच्या पिढ्यांच्या ज्ञानात भेसळ करते. तेव्हा श्रोतेहो, नाणे हाती नसले तरी ते वाजवून घ्यावे. आणि पायरी असावी इतिहासाची.