वजनाचा वाद : बंगळूरमधील चिलखत आणि व्हिडिओ गेम

गेल्या तीन दशकांत बंगळूर शहरात सैनिकाच्या शरीराशी थेट संबंध असलेले दोन व्यवसाय वाढीस लागले. त्यांपैकी एक बंदुकीची गोळी अडवणारी जॅकेटे तयार करण्याचा, तर दुसरा सैनिकाला पडद्यावर लढवणारे व्हिडिओ गेम घडवण्याचा. वरकरणी या दोहोंत काही नाते दिसत नसले, तरी दोघांनाही एकच प्रश्न सोडवावा लागतो : लढणाऱ्या माणसाला किती संरक्षण द्यावे आणि त्याचे मोल कशात मोजावे? जॅकेट बनवणारा ते किलोग्रॅममध्ये मोजतो, गेम बनवणारा टक्क्यांमध्ये. चिलखताविषयीचे वाद कोणत्याही काळात मुख्यतः वजनाचे वाद राहिले आहेत आणि ते वजन ज्याच्या खांद्यांवर पडते त्याला निर्णयात क्वचितच स्थान मिळाले आहे, ही गोष्ट या दोन व्यवसायांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला असता अधिक स्पष्ट होते.

हा वाद या शहराला नवा नाही. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्या काळच्या दख्खनी फौजांत संपन्न सरदार लोखंडी कड्यांच्या जाळीचे चिलखत वापरत. सामान्य शिपायाला मात्र ढाल आणि जाड कापडाचा अंगरखा यांवरच भागवावे लागे. शहाजीपुत्र शिवाजीराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट घेताना अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी शिरस्त्राण घातले होते, हे सर्वश्रुत आहे. त्याच राजांचे सैन्य मात्र वेगावर आणि डोंगरवाटांवर विसंबून असल्याने अंगावरचा भार शक्य तितका कमी ठेवत असे. म्हणजे एकाच लष्करी परंपरेत एका प्रसंगी पूर्ण आवरण आणि दुसऱ्या प्रसंगी हलके अंग असे दोन निर्णय झाले, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य होते. पुढे म्हैसूरच्या सैन्यात कापडाचे अनेक पदर एकत्र शिवून केलेली शिरस्त्राणे आणि कमरेभोवती बांधायची जाड आवरणे वापरात आली. टिपू सुलतानाच्या नावाशी जोडलेले असे काही नमुने आज ब्रिटनमधील संग्रहांत आहेत. तलवारीचा वार लोखंडाऐवजी धाग्यांच्या थरांत जिरवण्याची ही युक्ती आधुनिक जॅकेटाच्या मूळ कल्पनेपासून फार दूर नाही.

श्रीरंगपट्टणाच्या पाडावानंतर ब्रिटिशांनी १८०९ मध्ये बंगळूरला लष्करी छावणी वसवली आणि तेव्हापासून हे शहर सैन्याचे राहिले. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तीच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची पूर्वज होय. विमानांच्या पाठोपाठ राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळा आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या अनेक प्रयोगशाळा शहरात आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक विशिष्ट कौशल्यही आले. हे कौशल्य संमिश्र पदार्थांचे होते. मजबूत धाग्याचे विणलेले थर रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि दाब देऊन जो एकजीव पत्रा तयार होतो त्याला संमिश्र पदार्थ म्हणतात. तो पोलादापेक्षा कितीतरी हलका असल्याने विमानाला उपयोगी पडतो आणि त्याच कारणाने चिलखतालाही. शहराच्या दक्षिणेस जिगणी येथे असलेल्या टाटा ॲडव्हान्स्ड मटेरिअल्स या कंपनीने विमानांचे भाग आणि गोळीरोधक जॅकेटे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली केली, यामागे हाच धागा आहे.

गोळीरोधक जॅकेट कसे काम करते हे समजल्याशिवाय त्याविषयीचे वाद समजत नाहीत. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ स्त्रीने ज्या धाग्याचा शोध लावला तो पुढे केव्हलार या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचे अनेक थर पिस्तुलाची गोळी जाळ्यासारखी धरतात, पण रायफलीच्या वेगवान आणि टोकदार गोळीपुढे ते अपुरे पडतात. म्हणून जॅकेटाच्या खिशात छातीवर आणि पाठीवर सिरॅमिकची कडक पाटी बसवली जाते. उत्तम पाटी बोरॉन कार्बाइडची असते : त्याची भुकटी सुमारे दोन हजार अंश सेल्सिअस तापमानाला दाबून घडवतात, आणि तयार पदार्थ हिऱ्याच्या खालोखाल ज्या थोड्या पदार्थांची गणना होते त्यांच्याइतका कठीण असूनही त्याची घनता पोलादाच्या एकतृतीयांशाहून कमी भरते. गोळीचे टोक पाटीवर आदळून फुटते, त्याच क्षणी पाटीलाही तडा जातो आणि मागचे धाग्यांचे थर उरलेले तुकडे अडवतात. तडा गेलेल्या जागेजवळ दुसरी गोळी लागली तर काय, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. गोळी अडली तरी जॅकेट आतल्या बाजूला फुगते आणि त्या धक्क्याने बरगड्या किंवा आतील अवयव दुखावू शकतात. म्हणून चाचणीत जॅकेट तेलकट चिकणमातीच्या ठोकळ्यावर बांधून त्यावर गोळी झाडतात आणि मातीत पडलेल्या खळग्याची खोली मोजतात. अमेरिकेच्या प्रचलित मानकात ही खोली ४४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

या चाचण्यांवरून झालेला सर्वांत गाजलेला वाद अमेरिकेतला आहे. इराक युद्धाच्या आरंभी सैनिकांना पुरेशी जॅकेटे मिळाली नाहीत आणि अनेक कुटुंबांनी स्वतःच्या पैशांनी ती विकत घेऊन धाडली. त्याच काळात खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढवलेल्या सिरॅमिक चकत्यांचे ‘ड्रॅगन स्किन’ नावाचे जॅकेट बाजारात आले. एकसंध पाटीपेक्षा ते अधिक लवचीक होते आणि शरीराचा अधिक भाग झाकत होते. मे २००६ मधील लष्करी चाचणीत मात्र ४८ पैकी १३ गोळ्या आरपार गेल्या आणि उष्णतेत चकत्या जागच्या सरकल्याचा निष्कर्ष निघाला. निर्मात्यांनी चाचणीची पद्धतच सदोष ठरवली, दूरचित्रवाणीवर प्रतिचाचण्या झाल्या आणि प्रश्न अमेरिकी संसदेपर्यंत गेला. अंगाचा अधिक भाग झाकावा की थोडा भाग पण खात्रीने झाकावा, हा या वादाचा गाभा होता, आणि त्याचे सर्वांना मान्य होणारे उत्तर प्रयोगशाळेला देता आले नाही.

मराठी वाचकाला जॅकेटांच्या भरवशाचा प्रश्न २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने कायमचा परिचित करून दिला. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. करकरे यांचे जॅकेट नंतर रुग्णालयातून गहाळ झाले आणि त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात त्याविषयी दाद मागितली. तुकाराम ओंबळे यांच्याजवळ तर काठीखेरीज काही नव्हते. सैन्याचीही अवस्था समाधानकारक नव्हती. सुमारे साडेतीन लाख जॅकेटांची गरज नोंदवली गेली असताना २००९ मध्ये १,८६,१३८ जॅकेटांच्या खरेदीला मंजुरी मिळाली. पण पुढील कित्येक वर्षांत एकही नमुना सर्व चाचण्यांतून पार पडला नाही. वजन सुमारे दहा किलोंच्या मर्यादेत ठेवून कठीण पोलादी गाभ्याची गोळी अडवावी, अशी दुहेरी अपेक्षा होती आणि एक साधताना दुसरी सुटत होती. अखेर २०१६ मध्ये तातडीचा उपाय म्हणून ५०,००० जॅकेटांची मागणी बंगळूरच्या टाटा ॲडव्हान्स्ड मटेरिअल्सकडे गेली. मूळ मोठा करार एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर नऊ वर्षांनी, ६३९ कोटी रुपयांना एका दिल्लीस्थित कंपनीशी झाला. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने गोळीरोधक जॅकेटांसाठी आय.एस. १७०५१ हे देशाचे पहिले स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत. तोपर्यंत भारतीय उत्पादक परदेशी मानकांचा आधार घेत होते.

यानंतरच्या काळात महाराष्ट्राचा वाटाही लक्षणीय आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइडवर आधारलेले ‘भाभा कवच’ विकसित केले आणि त्याचे उत्पादन हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीकडे सोपवले. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधील मेजर अनूप मिश्रा यांनी ‘सर्वत्र’ हे जॅकेट तयार केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये लष्करप्रमुखांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. जे स्वतः गणवेश घालतात त्यांच्यातल्याच एकाने जॅकेट घडवावे, हे या इतिहासात विरळाच घडले आहे, म्हणून त्याचे महत्त्व त्या जॅकेटाच्या गुणांपुरते मर्यादित नाही.

दुसऱ्या व्यवसायाचा उगम शहराच्या संगणकीय वाढीत आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी बंगळूरला आली. परदेशी कंपन्यांसाठी येथून काम करून देण्याची रीत त्यानंतर रुळत गेली आणि तीच रीत १९९७ मध्ये राजेश राव यांनी स्थापन केलेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने गेमच्या क्षेत्रात आणली. ही कंपनी मुख्यतः परदेशी गेमसाठी वाहने, इमारती, माणसे आणि शस्त्रे यांच्या त्रिमितीय प्रतिकृती घडवत असे. ‘फोर्झा’ या मोटारशर्यतींच्या मालिकेसाठी तिने केलेले काम विशेष वाखाणले गेले. २०१६ मध्ये ती स्वीडनच्या स्टारब्रीझकडे आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या रॉकस्टारकडे गेली. या पद्धतीत वस्तूचे रूप बंगळूरमध्ये घडत होते; ती वस्तू खेळात कशी वागेल, म्हणजे जॅकेट घातलेला सैनिक किती लवकर थकेल किंवा किती गोळ्या सोसेल, याचे नियम बहुधा इतरत्र ठरत होते.

त्या नियमांचाही एक इतिहास आहे. १९९३ च्या ‘डूम’ या अमेरिकी गेममध्ये हिरवे चिलखत इजेचा एकतृतीयांश भाग शोषून घेई, तर निळे अर्धा भाग. सैनिकाचे शरीर पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या एका आकड्यात उतरले आणि चिलखत दुसऱ्या आकड्यात. दक्षिण कोरियात जन्मलेल्या आणि भारतीय तरुणांत अफाट लोकप्रिय झालेल्या ‘पबजी’मध्ये जॅकेटाच्या तीन पातळ्या असून ती अनुक्रमे ३०, ४० आणि ५५ टक्के इजा कमी करतात. त्याहून बोलका तपशील असा की, त्या खेळात जॅकेट चढवल्यावर खेळाडूची सामान वाहण्याची क्षमता वाढते. प्रत्यक्षात दहा किलोंचे जॅकेट घातलेल्या जवानाला तेवढेच पाणी, दारूगोळा किंवा औषध मागे ठेवावे लागते, आणि विरळ हवेच्या उंचीवर त्याची चाल आणखी मंदावते. चिलखताविषयी शतकानुशतके चाललेल्या वादातील वजन हा मुख्य घटक येथे नुसता वगळलेला नाही, तर उलटा केलेला आहे. वजन दाखवणे गेमला अशक्य आहे असेही नाही. चेक प्रजासत्ताकातील ‘आर्मा ३’ या २०१३ च्या गेममध्ये अंगावरचा भार वाढला की सैनिकाचा दम लवकर तुटतो. मोठ्या बाजारपेठेला मात्र अशी संथ लढाई नको होती.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० भारतीय सैनिक हुतात्मा झाले आणि हे दोन्ही इतिहास एकत्र आले. ताबारेषेच्या दोन किलोमीटर परिसरात गोळीबार न करण्याच्या १९९६ च्या करारामुळे ही झटापट दगड, दांडे आणि खिळे ठोकलेल्या सोट्यांनी झाली. गोळीसाठी घडवलेले कवच अशा वेळी चेहरा आणि हातपाय उघडेच ठेवते. चिलखत नेहमी मागच्या लढाईचा अनुभव घेऊन तयार होते, हे पुन्हा दिसून आले. त्यानंतर सरकारने चिनी संबंध असलेल्या ॲपवर निर्बंध घातले, २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत बंगळूरच्या एनकोअर गेम्सने ‘फौजी’ या गेमची घोषणा केली. कंपनीचे एक संस्थापक विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी सुरू केली होती. २६ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या ‘फौजी’च्या पहिल्या भागाची पार्श्वभूमी गलवानचीच होती आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ‘भारत के वीर’ या निधीला देण्याचे जाहीर झाले होते. त्यात सैनिक हातघाईने लढतो आणि शेकोटीजवळ बसला की त्याची शक्ती भरून येते. त्याच वर्षी पबजीची भारतीय आवृत्ती पुन्हा उपलब्ध झाली आणि तिचे काम पाहणाऱ्या क्राफ्टनच्या भारतीय शाखेचे ठाणेही बंगळूरच होते.

करमणुकीच्या साधनाकडून प्रयोगशाळेची अचूकता मागणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या समाजात बहुसंख्य तरुणांची चिलखताशी ओळख पडद्यावरच होते, तेथे या आकड्यांना नागरी महत्त्व येते. जॅकेट म्हणजे मिळाले की घालायचे आणि घातले की वाचायचे, अशी समजूत पक्की झाली की खरेदीतील नऊ वर्षांचा विलंब हा कागदपत्रांचा किरकोळ तपशील वाटू लागतो, आणि दोन किलो वजन कमी करण्यासाठी तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी घेतलेले कष्ट दिसेनासे होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीचे आय.आय.टी. यांनी मिळून जाहीर केलेल्या ‘अभेद’ जॅकेटाचे किमान वजन ८.२ किलो सांगितले गेले. या आकड्याचे मोल ज्याला कळते तोच नागरिक संरक्षणखर्चाविषयी अर्थपूर्ण प्रश्न विचारू शकतो.

बंगळूरजवळ हे मोल समाजापर्यंत पोहोचवण्याची साधने इतर कोणत्याही भारतीय शहरापेक्षा अधिक आहेत, कारण जॅकेट घडवणारे अभियंते, ते वापरणारी छावणी आणि त्याची प्रतिकृती पडद्यावर उतरवणारे कलावंत एकाच शहरात राहतात. खेळांचे नियम लिहिण्याचे काम आता येथे होऊ लागले आहे. त्या नियमांत कवचाबरोबर त्याचा भारही आला, तर सैनिकाविषयीचा आदर नुसत्या घोषणांपुरता न राहता त्याच्या रोजच्या कष्टांच्या जाणिवेत उतरेल. चिलखताच्या निर्णयात सैनिकाचा आवाज आजवर क्षीण राहिला. तो बळकट करण्यासाठी आधी त्याच्या खांद्यांवर काय आहे हे इतरांना नीट कळले पाहिजे.