शिरूर छावणी

शिरूर छावणी ही पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी १९व्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेली ब्रिटिश लष्करी छावणी होती. आजचे शिरूर (घोडनदी) शहर या छावणीच्या आधाराने वाढले.

३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहान्वये दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पुणे-अहमदनगर मार्गावरील शिरूर हे या फौजेचे प्रमुख ठाणे बनले. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची सुमारे ८०० सैनिकांची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली.

पेशवाईच्या अस्तानंतर छावणीचे लष्करी महत्त्व ओसरले, तरी बाजारपेठ टिकली. धान्य व कापडाचा व्यापार येथे चाले आणि शनिवारच्या आठवडी बाजारात गुरे व घोडे विकली जात. १८६८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८०९ मध्ये येथे मरण पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेसला परिसरातील लोक ‘सत्पुरुष’ मानू लागले. सुगीच्या वेळी त्याच्या थडग्यावर नव्या धान्याचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा पडली.