पोटदुखीआड दडलेला रक्तवाहिन्यांचा दाह

जेवणानंतर तासाभरात पोटात कळ उठते, म्हणून रुग्ण खाणे कमी करतो आणि त्याचे वजन उतरू लागते. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी गुण येत नाही. अशा वेळी एका विरळ, पण घातक कारणाचाही विचार व्हावा लागतो. ते म्हणजे सार्वदेहिक वाहिनीदाह, अर्थात व्हॅस्क्युलायटिस.

या विकारांत रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना इजा करते. वाहिनीची भिंत सुजते, पोकळी अरुंद होते व आतड्याला रक्त अपुरे पडते. पचनाच्या वेळी रक्ताची गरज वाढत असल्याने वेदना जेवणानंतर होते. पुढे व्रण पडतात, शौचावाटे रक्त जाते. क्वचित आतड्याचा भाग मृत होऊन त्याला छिद्र पडते.

१८६६ मध्ये कुसमाउल व मायर यांनी वर्णिलेला पॉलिआर्टरायटिस नोडोसा मध्यम आकाराच्या धमन्यांना ग्रासतो. काही रुग्णांत त्याचे मूळ हिपॅटायटिस बीच्या संसर्गात असते. आयजीए वाहिनीदाहात पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी व पोटदुखी एकत्र दिसतात. प्रौढांत मूत्रपिंडाची हानी मुलांपेक्षा अधिक होते. बेशे विकारात लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ व्रण होतात. क्षयाचे व्रणही बहुधा तेथेच होत असल्याने निदानात गफलत होऊ शकते.

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्यात असा रुग्ण प्रथम कौटुंबिक डॉक्टरांकडेच जातो. पोटदुखीसोबत ताप, पुरळ, हातापायांची बधिरता, नव्याने वाढलेला रक्तदाब किंवा लघवीत रक्त आढळल्यास लघवी, क्रिएटिनिन व हिपॅटायटिस बीची तपासणी स्थानिक पातळीवरही करता येते. सीटी अँजिओग्राफी व ऊतीपरीक्षेसाठी मात्र इंदूर किंवा जळगावसारख्या शहरातील मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते.

उपचारांत स्टेरॉइड व गंभीर अवस्थेत सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे देतात. मूळ हिपॅटायटिस बी असल्यास विषाणुरोधक औषधे आवश्यक ठरतात. क्षयाचा संशय फिटल्यावाचून स्टेरॉइड सुरू केल्यास संसर्ग बळावू शकतो. शिवाय स्टेरॉइडमुळे आतड्याला छिद्र पडल्याची लक्षणे झाकली जातात. म्हणून उपचार चालू असलेल्या रुग्णाचे पोट अचानक दुखू लागले, फुगले किंवा काळे शौच झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.