कीर्ति आणि भाकर : आल्थिआ गिब्सन

टेनिस हा शुभ्र वस्त्रांचा, हिरवळीचा आणि सवड असलेल्या लोकांचा खेळ, अशी त्याची जुनी ख्याति. अमेरिकेंत तर तो गोऱ्यांनीं दीर्घकाळ आपल्यापुरताच राखून ठेविला होता. राष्ट्रीय सामन्यांचीं दारें बंद असल्यामुळें कृष्णवर्णीयांनीं १९१६ सालीं अमेरिकन टेनिस असोसिएशन ही आपली निराळी संस्था काढली. तिच्या सामन्यांत ओरा वॉशिंग्टन हिनें १९२९ ते १९३७ या काळांत एकेरीचें अजिंक्यपद आठ वेळां मिळविलें. तथापि राष्ट्रीय सामन्यांत उतरण्याची संधि तिला कधींच लाभली नाहीं. चरितार्थासाठीं तिला परक्या घरीं कामें करावीं लागलीं.

ही कोंडी फोडली ती आल्थिआ गिब्सननें. तिचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजीं दक्षिण कॅरोलिनांतील सिल्व्हर गांवीं, वांट्यानें कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांत झाला. बालपण न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, शाळा चुकविण्यांत आणि रस्त्यावर फळीनें चेंडू टोलविण्यांत गेलें. शेजाऱ्यांनीं वर्गणी जमवून तिला टेनिस-क्लबांत घातलें. पुढें डॉ. ईटन व डॉ. जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय गृहस्थांनीं तिच्या शिक्षणाचा व खेळाचा भार उचलला. १९४७ पासून तिनें आपल्या संस्थेचें अजिंक्यपद सतत दहा वर्षें राखलें.

तरीहि राष्ट्रीय सामन्यांचें निमंत्रण येईना. तेव्हां अॅलिस मार्बल या गौरवर्णीय माजी अजिंक्य खेळाडूनें जुलै १९५० मध्यें एका टेनिस-मासिकांत लेख लिहून स्वजनांची कडक कानउघाडणी केली. त्याच ऑगस्टांत फॉरेस्ट हिल्सचें दार उघडलें. दुसऱ्याच फेरींत विम्बल्डन-विजेत्या लुईझ ब्रफविरुद्ध आल्थिआ निर्णायक डावांत ७–६ अशी पुढें असतांना वादळी पावसानें खेळ थांबला. दुसऱ्या दिवशीं ती हरली. परंतु हें दार पुन्हा मिटलें नाहीं.

१९५५–५६ मध्यें अमेरिकन सरकारनें तिला आशियाच्या दौऱ्यावर पाठविलें; त्यांत भारतहि होता. ज्या देशानें तिला उंबऱ्याबाहेर ठेविलें होतें, तोच तिला जगांत मिरवूं लागला. १९५६ सालीं तिनें फ्रेंच अजिंक्यपद जिंकलें. १९५७ व १९५८ या दोन्ही सालीं विम्बल्डन आणि अमेरिकन अशीं दोन्हीं पदें तिच्याकडे आलीं. राणी एलिझाबेथच्या हस्तें तिनें चषक स्वीकारला. न्यूयॉर्कनें तिची मिरवणूक काढली.

पण कीर्तीनें चूल पेटत नाहीं. हौशी खेळाडूंना बक्षिसाची रक्कम मिळत नसे, आणि धंदेवाईक टेनिसांत स्त्रियांना फारसें स्थान नव्हतें. जगज्जेती आल्थिआ बास्केटबॉलच्या सामन्यांपूर्वीं प्रदर्शनीय टेनिस खेळत गांवोगांव हिंडली. १९६४ सालीं ती स्त्रियांच्या धंदेवाईक गोल्फांत उतरली. तेथेंहि ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री होती. १९६८ सालीं मोठे सामने धंदेवाईकांना खुले झाले, तेव्हां तिनें चाळिशी गाठली होती.

तिच्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं, १९९९ मध्यें, सेरेना विल्यम्सनें अमेरिकन अजिंक्यपद मिळविलें. पुढें तिच्या अशा पदांची संख्या तेवीस झाली. तिची बहीण व्हीनस २००० सालीं विम्बल्डन जिंकली आणि स्त्रीपुरुषांना समान बक्षीस मिळावें म्हणून झगडली. २००७ सालीं विम्बल्डननें तें मान्य केलें, आणि त्या वर्षीं स्त्रियांत तें पहिलें घेणारी व्हीनसच होती.

आल्थिआ २००३ सालीं वारली. २०१९ मध्यें न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज मैदानावर तिचा पुतळा उभारला गेला. मागून आलेल्यांना कीर्तीबरोबर भाकरहि मिळाली. जिनें दार उघडलें, तिच्या वांट्यास मात्र कीर्तीच तेवढी आली.