आजीच्या भिंतीतली तुसं

परवा डोलवीच्या जुन्या घराची मागची पडवी पाडली. कुडाची भिंत, कारवीवर माती लिंपलेली. पहार लागली तशी ढेकळं सुटली आणि आत काय दिसावं, तर भाताची तुसं! माझ्या जन्माआधी आजीनं मळलेली, पण अगदी जशीच्या तशी.

माती सुकताना भेगाळू नये म्हणून शेण नि तूस घालायचं, एवढं तिला ठाऊक. तूस सहसा कुजत नाही, कारण त्यात सिलिका भरलेली असते, म्हणजे वाळूचाच अंश. शंभर किलो भातामागे साधारण वीस किलो तूस निघतं, ते जाळलं की चारेक किलो राख. तिच्यात ८५ ते ९० टक्के सिलिका!

जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून बैलांच्या घाणीत मळत. सुरखीतली सिलिका चुन्याला धरून घट्ट होते. तुसाची राख काँक्रीटमध्ये तेच करते. सिमेंटातून मोकळा सुटणारा चुना ती धरते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात पी. कुमार मेहता या भारतीय वंशाच्या प्राध्यापकांनी यावर मोठं काम केलं. आपल्याकडे काँक्रीटच्या आय.एस. ४५६ या मानकानं २००० साली या राखेला मुभा दिली.

मेख आहे जाळण्यात. ६००-७०० अंशांवर बेतानं जाळलं तर राख कामाची. गिरणीमागच्या ढिगाला काडी लावून मिळते ती काळी, कोळसा उरलेली. फार तापली, तर चुन्याला दादच देत नाही. मग थोड्या वाळूच्या जागी भर म्हणून घाला. कच्चं तूस मात्र पाणी पितं. मातीच्या भिंतीला चालतं, स्लॅबला नाही. नारळाच्या करवंट्यांचे तुकडे खडीऐवजी घालूनही हलकं काँक्रीट करतात म्हणे.

असो. १९९० च्या दशकात गावात पोलादाचा कारखाना आला, तशी पक्की घरंही आली. आम्हीही स्लॅब घातला. ठेकेदारानं खाडीची वाळू न धुता वापरली. खारानं सळया गंजून फुगल्या, आणि एक दिवस गिलाव्याचा पाटाएवढा तुकडा नातीच्या पाळण्याशेजारी पडला. ती झोपेतून उठलीसुद्धा नाही. मला मात्र महिनाभर झोप नव्हती. आजीची भिंत तेव्हा मागे उभीच होती.

नव्या पडवीचं जोतं काँक्रीटचं होणार. अभियंता भाच्यानं राखेचा हट्ट धरलाय, मी फक्त वाळू धुण्याचा. ढेकळं टाकली नाहीत; परसात भिजत घातलीत. चुलीला लिंपायला होतील, तुसासकट.