इलेक्ट्रॉन वेगवर्धन, दाट प्लाझ्मातील

अतितीव्र लेसर स्पंद घन पदार्थावर एकवटला असता तेथे तयार होणाऱ्या दाट प्लाझ्मातून इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फेकले जाण्याची क्रिया. महाराष्ट्रात या विषयाच्या प्रायोगिक संशोधनाचे प्रमुख केंद्र म्हणजे कुलाबा, मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था.

स्पंद : हे स्पंद काही दशक फेमटोसेकंद टिकतात. (१ फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश.) स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आकुंचित करण्याची पद्धत डोना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडली, तिच्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीने दर चौ. सेंमी.ला १० चा १८ वा घात इतके वॉट आणि त्याहूनही अधिक तीव्रता गाठता येते.

यंत्रणा : स्पंदाची आघाडीच अणूंचे आयनीभवन करते, उरलेल्या स्पंदापुढे प्लाझ्मा उभा असतो. ज्या घनतेपलीकडे प्रकाश शिरू शकत नाही तिला क्रांतिक घनता म्हणतात. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी ती दर घन सेंमी.ला सु. १.७ गुणिले १० चा २१ वा घात इतके इलेक्ट्रॉन असते. घन पदार्थातील घनता याच्या कितीतरी पट असल्यामुळे ऊर्जेची देवघेव सीमेवरच होते. तिरप्या प्रकाशाने सीमेवर प्लाझ्मा तरंग उठतात व ते इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देतात. सीमा तीव्र उताराची असेल, तर विद्युत् क्षेत्र इलेक्ट्रॉनांना निर्वातात ओढते आणि दिशा बदलताच आत भिरकावते. क्षेत्र आत पोहोचत नसल्याने ते परत खेचले जात नाहीत (ब्रुनेल, १९८७). तीव्रता आणखी वाढली, की प्रकाशाचे चुंबकीय क्षेत्रही त्यांना पुढे रेटते.

विरळ प्लाझ्मात स्पंदामागे उठणाऱ्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार होतात (ताजिमा व डॉसन, १९७९). दाट प्लाझ्मात मात्र त्यांची संख्या अफाट, ऊर्जा संमिश्र आणि विद्युत् प्रवाह दशलक्षावधी अँपिअरचा असतो. प्लाझ्मातील थंड इलेक्ट्रॉनांचा उलट प्रवाह असल्यामुळेच तो वाहू शकतो.

मुंबईतील कार्य : टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील प्रेधिमान काव, अमिता दास व सुदीप सेनगुप्ता यांच्यासह या प्रवाहांतून उद्‍भवणारी, दशलक्षावधी गॉसची क्षणिक चुंबकीय क्षेत्रे मोजली (२००२). लक्ष्यावर (स्पंद ज्यावर एकवटतो त्या घन पदार्थावर) धातूच्या नॅनोकणांचा थर दिल्यास क्ष-किरणांचे उत्सर्जन वाढते, हेही कुलाब्याच्या गटाने दाखवले (२००३). उभ्या रचलेल्या कार्बन नॅनोनलिकांमधून हे प्रवाह दूरवर नेता येतात, हे २०१२ मध्ये दिसून आले.

उपयोग : अल्पकालिक क्ष-किरण स्रोत, प्रोटॉन व आयनांचे वेगवर्धन आणि लेसरद्वारे अणुकेंद्रीय संमीलनाचे त्वरित प्रज्वलन. या सर्वांत लेसरच्या शक्तीइतकीच लक्ष्याच्या पृष्ठभागाची घडण निर्णायक ठरते.