सागरी मत्स्यपेटी : मीठ म्हणजे समुद्र नव्हे

गप्पी, एंजल, गोल्डफिश असे गोड्या पाण्यातले मासे घरी पाळण्याचा छंद नागपूरकरांना नवा नाही. खाऱ्या पाण्याची सागरी मत्स्यपेटी ही मात्र निराळी गोष्ट आहे. मुंबई-कोकणातल्या हौशी माणसाच्या निदान समुद्र तरी जवळ असतो. शून्य मैलाच्या दगडाच्या या शहरापासून मुंबईचा किनारा रेल्वेने ८०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे येथे मासे आणण्याआधी समुद्रच तयार करावा लागतो आणि पुढे तो टिकवावाही लागतो. त्यासाठी बाजारात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बफर, स्ट्रॉन्शियम, आयोडीन अशा नाना नावांच्या बाटल्या मिळतात. त्यांपैकी कशाची गरज केव्हा पडते, हे समजून न घेता केलेला खर्च वाया जातोच, शिवाय जिवांवरही बेततो.

समुद्राच्या पाण्यात काय असते?

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते, हे त्यातून पक्के झाले. क्लोराइड आणि सोडियम मिळून सुमारे ८५ टक्के होतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हे प्रमुख घटक होत. एका लिटरमध्ये मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक असते.

मग मिठागरातले खडे मीठ पाण्यात विरघळवले तर समुद्र परत मिळेल काय? मिळणार नाही. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार, म्हणजे कार्बोनेट आणि जिप्सम, खाली बसतात. नंतर मीठ धरते. मॅग्नेशियम मात्र मागे उरलेल्या कडू पाण्यातच राहते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. म्हणून मत्स्यपेटीसाठी सर्व घटक योग्य प्रमाणात मिसळलेले खास सागरी मीठच वापरावे लागते. १०० लिटर पाण्याला ते साडेतीन ते चार किलो लागते.

कॅल्शियम आणि अल्कता

आयुर्वेदातील प्रवाळ पिष्टी आपल्याला ठाऊक आहे. पोवळे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचे जीव हा सांगाडा पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून बांधतात. गोगलगायी, समुद्री साळू आणि दगडांवर गुलाबी थर धरणारे शैवाल यांनाही हेच द्रव्य लागते. खुल्या समुद्रात साठा अमर्याद असतो. काचपेटीत तो रोज थोडा थोडा संपतो.

यातील कॅल्शियम सर्वांच्या लक्षात राहते, दुसरी बाजू विसरली जाते. ती म्हणजे अल्कता, अर्थात आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता. दुकानात हिलाच ‘केएच’ म्हणतात. समुद्रात ती सुमारे ७ अंश असते, पेटीत ७ ते ११ अंशांच्या दरम्यान ठेवतात. सांगाडा बांधताना लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले की अल्कता २.८ अंशांनी घटते. म्हणजे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियममधून २० गेले तर फारसे बिघडत नाही, पण तेवढ्यातच अल्कतेचा मोठा वाटा निघून जातो. म्हणूनच अल्कता वरचेवर मोजावी लागते.

मॅग्नेशियमचे काम वेगळे आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक असते, तरी ते सहसा आपोआप खाली बसत नाही. त्याच्या स्फटिकांवर मॅग्नेशियम चिकटते व त्यांची वाढ रोखते, हे याचे एक मुख्य कारण. मॅग्नेशियम फार कमी झाले तर कितीही कॅल्शियम घातले तरी ते नळ्यांवर आणि पंपांवर पुटे धरून बसते.

चुन्याची निवळी आणि इतर उपाय

या पुरवणीचा एक जुना उपाय म्हणजे आपल्या ओळखीची चुन्याची निवळी. युरोपातील छांदिष्टांमध्ये तिचा प्रसार १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी केला. निवळीतून कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. परंतु तिचा पीएच १२ च्या वर असतो. म्हणून पेटीत आटलेल्या पाण्याच्या जागी ती रात्री थेंबाथेंबाने सोडतात. एकदम ओतली तर मासे दगावू शकतात. पानाचा तयार चुना न वापरता शुद्ध, खाद्य दर्जाचा चुना घ्यावा आणि तळाचा गाळ पेटीत जाऊ देऊ नये.

दुसरी पद्धत दोन द्रावणांची. एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात खायचा सोडा. १०० लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडा पुरतो. तेवढ्याच पाण्यात कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे साडेसात ग्रॅम स्फटिकरूप कॅल्शियम क्लोराइड लागते. ही दोन द्रावणे एकाच जागी किंवा लागोपाठ घालू नयेत. तसे केल्यास पाणी दुधाळ होते आणि दोन्ही द्रव्ये वाया जातात. अल्कता दिवसाकाठी एका अंशाहून अधिक बदलू नये, हा संकेत पाळावा. महागड्या बाटल्यांमध्येही बहुधा हेच क्षार पाण्यात विरघळवलेले असतात, हेही जाणून असावे.

नागपूरचे पाणी, नागपूरचा उन्हाळा

शहराला पेंच व कन्हानचे पाणी मिळते, तर अनेक वसाहतींत विंधन विहिरींचे जड पाणी वापरात असते. पिण्यास योग्य असलेले पाणीही या कामाला चालत नाही. त्यातील क्लोरीन, नायट्रेट, सिलिकेट आणि नळजोडणीतून येणारे तांबे पेटीतल्या नाजूक जिवांना बाधते. त्यामुळे आरओ यंत्राचे आणि शक्यतो त्यापुढे आयनविरहित केलेले पाणी घ्यावे लागते. स्वयंपाकघरातल्या काही आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळले जाते. तसले पाणी वापरण्याआधी त्यातील एकूण क्षार मोजून पाहावेत. शुद्ध पाण्याच्या कितीतरी पट पाणी ही यंत्रे टाकून देतात. ते फरशी पुसायला किंवा अंगण धुवायला वापरावे, गटारात सोडू नये.

उन्हाळा ही नागपूरची खरी परीक्षा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. पेटीतले पाणी मात्र २४ ते २७ अंशांत राहायला हवे. पंख्याचा झोत पाण्यावर सोडला तर बाष्पीभवनाने ते थोडे थंड होते. पण आटते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. १०० लिटरमधून ५ लिटर पाणी उडाले तर खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातो. ही तूट नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. तसेच वातानुकूलित बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो. अशा वेळी बफरची बाटली ओतली जाते आणि अल्कता विनाकारण चढते. खरे तर आधी खिडकी उघडून पाहावी.

कायदा काय सांगतो?

या छंदातील सर्वांत महत्त्वाची बाब कायद्याची आहे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ हाही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. म्हणून भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरणे श्रेयस्कर. विक्रेत्याने परदेशी जीव म्हणून काही दाखवले तर त्याची कागदपत्रे मागावीत आणि शंका असल्यास वनविभागाकडे विचारणा करावी. जोकर मासे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्लाउनफिशची पैदास आता भारतात बंदिस्त जागेतही होते. असे मासे घेतल्यास समुद्रावर भार पडत नाही.

बाटली घेण्यापूर्वी

याचा थेट परिणाम पूरक खनिजांच्या गरजेवर होतो. कठीण सांगाड्याचे प्रवाळ नसलेल्या पेटीत कॅल्शियमचा खप अगदी थोडा असतो. मासे, गोगलगायी आणि गुलाबी शैवाल एवढाच संसार असेल तर दर पंधरवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलून चांगल्या मिठाचे ताजे पाणी घालणे बहुतेक वेळा पुरते. तरीही खारटपणा, अल्कता, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या क्रमाने मोजणी करावी, तारीखवार वहीत नोंद ठेवावी आणि घट सलग दिसली तरच पुरवणी सुरू करावी. जे मोजता येत नाही ते घालू नये, हा नियम स्ट्रॉन्शियम-आयोडीनच्या बाटल्यांना विशेष लागू आहे.

महाराष्ट्राचे प्रवाळ मालवणच्या किनाऱ्याजवळ आणि विजयदुर्गापासून खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर आहे. तेथेही हाच हिशेब चालतो. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून औद्योगिक युगापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे आणि सांगाडा बांधणे प्रवाळाला अवघड होत चालले आहे. नागपूरच्या पेटीत बिघडलेले पाणी बदलता येते. मालवणच्या समुद्राला ती सोय नाही.